तुमचे प्रश्न : हेल्पलाईन वाढवायचीय, पण ऐकणारी माणसं टिकत नाहीयेत

गेल्या अंकात संकटात सापडलेल्या माणसांचं ऐकून घेणाऱ्या व्हॉलंटियर्सबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतके मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्याच विषयाला दिलंय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, कारण लिहिणाऱ्यांतले बरेच जण स्वतः या फोनच्या या नाहीतर त्या टोकाला आहेत.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही एक छोटी हेल्पलाईन चालवतो. २२ व्हॉलंटियर आहेत, रोज संध्याकाळी ६ ते १०, एका वेळी दोघं ड्यूटीवर. आता एक देणगीदार भेटलेत, ते म्हणतात पैसे मी देतो, तुम्ही २४ तास सुरू करा आणि जोरात जाहिरात करा. टीममधले अर्धे एकदम उत्साहात आहेत, अर्धे घाबरलेत. मी कोऑर्डिनेटर, हो म्हणू की नको तेच कळत नाहीये.

देणगी घ्या, पण २४ तासांना आत्ता हो म्हणू नका. जे घाबरलेत ते भित्रे नाहीयेत, त्यांनी मनातल्या मनात रोस्टर मांडून बघितलंय. चला आपणही मांडू. आठवड्याचे तास १६८, चार तासांची शिफ्ट धरली तर ४२ शिफ्टा, प्रत्येकीत दोघं म्हणजे ८४ जागा. आत्ता तुम्हाला आठवड्याला फक्त १४ जागा भरायच्या असतात आणि माणसं २२, म्हणून कुणाची परीक्षा, कुणाचं आजारपण, कुणी चार दिवस बाहेरगावी, हे सगळं निभावून जातं. त्याच २२ जणांवर ८४ जागा टाकल्या तर प्रत्येकाला आठवड्यातून जवळजवळ चारदा बसावं लागेल, त्यातली एखादी-दुसरी रात्रीची, आणि नोकरी-घर सांभाळून हे कुणालाच झेपणार नाही, मग आधी सगळ्यात जीव लावून काम करणारे थकतील कारण रिकाम्या जागा तेच भरत बसतील. आठवड्याला एकच शिफ्ट हा नियम पाळून २४ तास चालवायचं तर किमान शंभरेक टिकलेली माणसं हाताशी हवीत. ट्रेनिंग घेतलेली नव्हे, टिकलेली.

दुसरा हिशोब फोन किती जणांनी उचलायचे याचा, आणि इथे भलेभले फसतात. समजा तासाला सरासरी सहा कॉल येतात, एकेक वीस मिनिटांचा. म्हणजे १२० मिनिटांचं बोलणं, दोन माणसं तासभर बसली की झालं, असं वाटतं ना? पण कॉल काही रांग लावून येत नाहीत, तीन एकदम येतात आणि मग बराच वेळ एकही येत नाही. एर्लांग नावाचे एक डॅनिश गणितज्ञ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते, त्यांनी याचं सूत्र काढून १९१७ साली छापलं आणि टेलिफोनच्या लाईनींचा अंदाज बांधायला ते अजून वापरतात. त्यात हे आकडे घातले तर दोघं ड्यूटीवर असताना शंभरातल्या ४० जणांना लाईन बिझी लागते. तिघं असले तर २१ जणांना, चौघं असले तर साधारण १० आणि पाच जण असले तर ४. म्हणजे तुमच्या आत्ताच्या चार तासांतही कितीतरी माणसं दारातून परत जात असतील, आणि ती कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाहीत, कारण रजिस्टर उचललेल्या कॉलचं असतं.

म्हणून आधी टेलिफोन कंपनीकडून न उचललेल्या कॉलची यादी मागवा, तासावार, निदान तीन महिन्यांची. माझा अंदाज असा की तुम्हाला रात्रभर जागायची गरज नंतर दिसेल, आधी ८ ते १० मध्ये तिसरा माणूस लागेल. तो बसवा. मग ६ ते १० चं ६ ते १२ करा. ते सहा महिने न तुटता चाललं की पुढचं बोला.

जवळपास दुसरी एखादी छोटी हेल्पलाईन असेल तर त्यांच्याशी बोलायला अजिबात लाजू नका. वरच्याच हिशोबात दोन संस्थांचे दोन-दोन व्हॉलंटियर वेगवेगळ्या नंबरांवर बसले तर दोन्हीकडे ४० टक्के लोक परत जातात, तेच चौघं एका सामायिक नंबरवर बसून दोन्हीकडचे मिळून तासाला बारा कॉल घेऊ लागले तर ३१ टक्के. एकही जास्तीचा माणूस न आणता इतका फरक पडतो. अमेरिकेत १६ जुलै २०२२ पासून ९८८ हा एकच नंबर सुरू झाला, पण त्याच्यामागे दोनशेहून जास्त स्थानिक केंद्रं आहेत आणि जवळच्या केंद्रात कुणी उचललं नाही की कॉल पुढे बॅकअप केंद्राकडे जातो. तुम्हाला एवढं मोठं काही करायचं नाहीये, पण दोन संस्थांनी मिळून कॉल फिरवायची सोय नक्की करता येईल.

आणि देणगीदारांना सांगा की पहिला पैसा एका पगारी माणसाला द्या, जो रोस्टर बघेल, नव्यांच्या शेजारी बसेल आणि शिफ्ट संपल्यावर व्हॉलंटियर्सचं ऐकेल. बऱ्याच देणगीदारांना पगाराला पैसे द्यायला जिवावर येतं, फोन आणि फलक डोळ्यांना दिसतात म्हणून ते आवडतात. तरी आग्रह धरा. जाहिरात सगळ्यात शेवटी, कारण धीर गोळा करून एखाद्याने नंबर फिरवला आणि तो बिझी लागला तर पुन्हा फिरवायला त्याला किती दिवस लागतील सांगता येत नाही.

प्रश्न : मी तुमच्या व्हॉलंटियरवाल्या बाजूची नाही. मागच्या महिन्यात एका रात्री मी हेल्पलाईनला तीनदा फोन केला. दोनदा बिझी. तिसऱ्यांदा एका मुलाने उचलला, माझं दोन मिनिटंही ऐकलं नाही आणि व्यायाम करा, पॉझिटिव्ह विचार करा असं सांगायला लागला. मी ठेवून दिला. आता परत करावासा वाटत नाही.

तुमचा मेल मी सगळ्यात आधी वाचला आणि तो छापू का हे तुम्हाला विचारून मगच इथे घेतलाय. त्या रात्री जे वाटत होतं तेच आत्ताही वाटत असेल तर पुढचं वाचायचं थांबवा आणि जवळच्या एका माणसाला सांगा, नुसतं "मला एकटं राहायचं नाहीये, येतोस का" एवढं जरी म्हणालात तरी चालेल, आणि फोनही करा. भारतात टेलिमानस १४४१६, २४ तास, तिथे पगारी समुपदेशक असतात. युरोपातल्या बऱ्याच देशांत ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४, अमेरिकेत ९८८. स्वतःच्या जिवाला लगेच धोका आहे असं वाटत असेल तर थेट इमर्जन्सी नंबर किंवा जवळचं हॉस्पिटल.

तुम्हाला त्या रात्री जे मिळालं ते मिळायला नको होतं. त्यात तुमचं काहीही चुकलं नाही. पुढच्या वेळी फोन लागला की पहिल्याच वाक्यात सांगून टाका, "मला सल्ला नकोय, फक्त ऐका." असं सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगल्या व्हॉलंटियरला असं कुणी स्पष्ट सांगितलं तर हायसंच वाटतं. समोरच्याशी नाहीच जमलं तर ठेवा आणि थोड्या वेळाने परत करा, दुसरा माणूस भेटेल. आणि जमेल तेव्हा त्या संस्थेला दोन ओळींत कळवा, तारीख आणि साधारण वेळ एवढं पुरे.

आता हे कोऑर्डिनेटर लोकांसाठी. तो मुलगा वाईट नव्हता, तो घाबरलेला होता. समोरचं दुःख सहन होत नाही तेव्हा नवशिका माणूस पटकन उपाय सांगून मोकळा होतो, आणि त्याच्या शेजारी कुणी जुनं बसलेलं नसेल तर त्याला ते कळतही नाही. ब्रायन मिशारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १४ हेल्पलाईनवरचे २,६११ कॉल मध्ये न बोलता ऐकले, तो अभ्यास २००७ मध्ये आला. ट्रेनिंगमध्ये शिकवतात ती समोरच्याचं वाक्य परत म्हणून दाखवण्यासारखी तंत्रं, तेवढ्याने कॉलचा शेवट चांगला होतो असं काही त्यात दिसलं नाही. कळकळ, आदर, जुळलेला सूर आणि मग दोघांनी मिळून पुढचं पाऊल शोधणं, याने फरक पडला. आता कळकळ काही हँडआऊट वाटून शिकवता येत नाही, ती मुरलेल्या माणसाचे कॉल ऐकत ऐकत येते, म्हणून नव्याला निदान पहिले काही आठवडे एकट्याला बसवूच नका.

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांची आहे, सहा महिने झाले शिफ्ट करतेय. मागे एका काकांचा कॉल मध्येच कट झाला. ते "बरं, ठेवतो आता" म्हणाले आणि गेले, पुढे काय झालं कधीच कळलं नाही. दोन आठवडे नीट झोप नाही. टीममध्ये सांगितलं तर म्हणाले सवय होईल. सोडू का?

सोडायचं की नाही हे आज ठरवू नकोस, पण या आठवड्याची आणि पुढच्या आठवड्याची शिफ्ट घेऊ नकोस, तसं सरळ सांग. कारण द्यावं लागलं तर "मला ब्रेक हवाय" एवढंच. झोप अजूनही येत नसेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेट, आपण दुसऱ्यांना जे सांगतो ते स्वतःलाही लागू असतं ग.

"सवय होईल" हे उत्तर मला मान्य नाही. सवय व्हायला नकोच आहे, सवय झालेला आवाज कॉलरला पहिल्या मिनिटात ओळखू येतो. व्हायला हवं ते असं : शिफ्ट संपली की खुर्चीतून उठायच्या आधी शिफ्ट लीडरला फोन करायचा, आणि लीडर रोज बदलत असला तरी हा फोन चुकवायचा नाही, एकही कॉल आला नसला तरी करायचा. प्रत्येक कॉलबद्दल दोन-तीन वाक्यं, आणि मग खरा प्रश्न, त्यातलं तू घरी काय घेऊन चाललीयेस? तू जर त्या रात्री म्हणाली असतीस की ते काका "ठेवतो आता" म्हणाले तो आवाज डोक्यातून जात नाहीये, तर लीडरने तुझ्याबरोबर तो कॉल पहिल्यापासून परत धुंडाळला असता, तू काय विचारलंस, ते काय म्हणाले, कुठे थांबले. त्यातून बहुतेक वेळा हे दिसतं की आपल्या हातात होतं ते आपण केलं. आणि शेवटी लीडरने विचारायचं, आज घरी कोण आहे, काही लागलं तर कुणाला फोन करशील. दुसऱ्या दिवशी त्यानेच परत एक फोन करायचा. एवढं सगळं करायला वीस मिनिटं लागतात.

पुढे काय झालं ते न कळणं हा या कामाचा भागच आहे, ते जात नाही. पण ते एकटीने वागवायचं नसतं. तुझ्या टीमला हा परिच्छेद दाखव आणि खालचाही.

कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातल्या पाच हेल्पलाईन केंद्रांमध्ये ९० व्हॉलंटियर आणि ३९ पगारी कर्मचाऱ्यांनी घेतलेले १,२०६ कॉल अभ्यासले गेले. व्हॉलंटियर आणि पगारी यांच्या कामाच्या परिणामात विशेष फरक निघाला नाही, फरक निघाला अनुभवाचा. ज्यांचा कॉलचा अनुभव १४० तासांपेक्षा जास्त, त्यांचे कॉल जास्त चांगले संपत होते. आता चार तासांच्या शिफ्टमध्ये प्रत्यक्ष बोलणं दोन तास धरलं तर आठवड्याला एक शिफ्ट करणाऱ्याला १४० तास व्हायला सव्वा वर्षाहून जास्त लागतं. म्हणजे सहा महिन्यांत जो सोडून जातो तो मुरायच्या आधीच जातो, आणि दर सहा महिन्यांनी नवी बॅच भरणारी संस्था कायम नवशिक्यांच्याच जिवावर चालते, आकडा कितीही मोठा दिसो. सेवा वाढवायची म्हणजे नवीन भरतीचे फॉर्म काढायचे असं सगळ्यांना वाटतं, मला मात्र वाटतं की आधी ही मुलगी सहाव्या महिन्यात का झोपू शकत नाहीये ते बघा, तिला सांभाळलंत तर वर्षभराने तीच दोन नव्यांना शिकवेल.

प्रश्न : कॉलरला "आत्महत्येचा विचार येतो का" असं थेट विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं आपणच घालतो असं होत नाही का? आमच्या ट्रेनिंगमध्ये यावरून वाद झाला.

नाही होत. २००५ मध्ये मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमध्ये २,३४२ मुलांवर हेच तपासलं. निम्म्यांना हे प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांचा त्रास वाढला नाही, आणि आधीपासून उदास असलेल्या मुलांचा तर उलट कमी दिसला.

अडचण विचारणाऱ्याची असते, जीभ रेटत नाही. म्हणून रोल-प्लेमध्ये प्रत्येकाने हे वाक्य तोंडाने म्हणायलाच हवं, नुसतं वहीत लिहून उपयोग नाही. असं करून बघा :

"मला आता सगळ्याचाच कंटाळा आलाय."
"सगळ्याचाच. म्हणजे जगायचाही?"
(बराच वेळ शांतता. इथे बोलायचं नाही. मनात दहा मोजा.)
"... तसंच काहीसं."
"आत्महत्येचा विचार येतोय का तुमच्या मनात?"
"हो. कुणाला सांगितलं नाहीये."
"मला सांगितलंत, बरं केलंत. आज येतोय का, आत्ता?"

"तसलं काही मनात नाहीये ना?" असं मात्र कधीच विचारू नका, त्यात आपल्याला "नाही" ऐकायचंय हे समोरच्याला लगेच कळतं आणि तो नाहीच म्हणतो. आणि उत्तर हो आलं की आज किती धोका आहे, जवळ कोण आहे हे विचारायचं आणि लीडरला सांगायचं. कुठल्या परिस्थितीत बाहेरची मदत बोलवायची हे संस्थेने आधी ठरवून ठेवलेलं हवं आणि कॉलरपासून ते लपवू नये.

प्रश्न : मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. तुमच्या लेखातला उत्साह समजतो, पण आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या माणसाला काही आठवड्यांचं ट्रेनिंग घेतलेल्या हौशी लोकांच्या हाती देणं मला धोक्याचं वाटतं.

तुमची काळजी खरी आहे म्हणून मोकळेपणाने लिहिते. लंडनमध्ये १९५३ साली चॅड वारा या धर्मगुरूंनी आपल्या चर्चमधून फोन सुरू केला तेव्हा त्यांचीही समजूत हीच होती की मदत आपण करायची, व्हॉलंटियर्सनी फक्त भेटायला आलेल्यांना चहा-कॉफी द्यायची आणि त्यांच्याजवळ बसायचं. झालं असं की ताटकळत बसलेले लोक त्या व्हॉलंटियर्सपाशीच मन मोकळं करायला लागले आणि कित्येक जण वारांना न भेटताच हलके होऊन निघून जायला लागले. हे बघून फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी फोनचं काम व्हॉलंटियर्सच्या हाती दिलं. तीच समॅरिटन्स ही संस्था.

मघाशी मिशारांच्या अभ्यासाबद्दल लिहिलं, त्यातलेच १,४३१ कॉल घेऊन त्यांनी पुढे अशीही तुलना केली की सगळे पगारी व्यावसायिक असलेली केंद्रं विरुद्ध सगळे व्हॉलंटियर असलेली केंद्रं. व्हॉलंटियर्सच्या केंद्रांत धोक्याची विचारपूस जास्त वेळा झाली, कळकळ आणि आदर जास्त दिसला, कॉलही जास्त चांगले संपले. यावरून तुमच्यासारख्यांची गरज नाही असं कुणी म्हणू नये, कारण व्हॉलंटियर निदान करत नाही, उपचार करत नाही, आणि अवघड कॉलनंतर त्याला विचारायला कुणीतरी जाणतं लागतंच. तुम्हाला मनापासून विनंती, महिन्यातून दोन संध्याकाळी एखाद्या हेल्पलाईनच्या केस-मीटिंगला बसा. छोट्या संस्थांना व्हॉलंटियर मिळतात हो, सुपरव्हिजन करणारं कुणी मिळत नाही.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी मी स्वतः आत्महत्येचा प्रयत्न केला होता. आता बरा आहे, औषधं चालू आहेत. मला व्हॉलंटियर व्हायचंय. फॉर्ममध्ये हे लिहिलं तर घेतील का?

लिहा. चांगली संस्था यावरून दार लावत नाही, ती विचारते की आत्ता कसं चाललंय, आधाराला कोण आहे, एखादा कॉल आपल्याच गोष्टीसारखा निघाला तर काय कराल. हे प्रश्न अपमान म्हणून घेऊ नका, तुमच्यासाठीच आहेत ते. वेल्समधल्या स्वान्सी तुरुंगात १९९१ मध्ये समॅरिटन्सने कैद्यांनाच ट्रेनिंग देऊन इतर कैद्यांचं ऐकायला बसवलं आणि ती पद्धत पुढे कितीतरी तुरुंगांत गेली, कारण आतल्या माणसाला आतलं कळतं. एकच जपा, कॉलवर स्वतःची कहाणी सांगायची नाही. "मीही यातून गेलोय" हे वाक्य फार मोह पाडतं, पण ते म्हटलं की कॉलर तुमचं ऐकायला लागतो.

आणि तब्येत बिघडत चाललीय असं वाटलं तर शिफ्ट सोडून देताना अपराधी वाटून घ्यायचं नाही, हे आधीच स्वतःशी ठरवून ठेवा.

प्रश्न : तरुण मुलं फोन करत नाहीत, म्हणून आम्ही चॅट सुरू करायच्या विचारात आहोत. कमिटीतले काही जण म्हणतात आता एआय चॅटबॉट लावू, व्हॉलंटियर लागणारच नाहीत, २४ तास चालेल.

चॅट जरूर करा. घरात कुणी ऐकेल या भीतीने बोलू न शकणाऱ्यांना चॅटच सोयीचं पडतं. फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्या, चॅटवरचं संभाषण फोनपेक्षा लांबतं आणि आवाज ऐकू येत नसल्यामुळे शांतता म्हणजे रडणं आहे की नेट गेलंय ते कळत नाही, तर त्याचं ट्रेनिंग वेगळं द्या. एकाच व्हॉलंटियरला एकदम चार खिडक्या उघडून देऊ नका.

बॉटचं म्हणाल तर अमेरिकेत खाण्याच्या विकारांसाठी काम करणाऱ्या एका मोठ्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये माणसांची हेल्पलाईन बंद करायचं ठरवलं आणि टेसा नावाच्या चॅटबॉटकडे लोकांना वळवलं. खाण्याच्या विकाराने त्रस्त माणसांना तो बॉट कॅलरी मोजायला आणि वजन कमी करायला सांगत असल्याचं उघड झालं आणि मे महिन्याच्या शेवटी तो काढून टाकावा लागला. रोस्टर लावायला, ट्रेनिंगमध्ये सरावाला कॉलर म्हणून, अशा कामांना मशीन खुशाल वापरा. संकटातल्या माणसासमोर एकटं मशीन बसवायला माझा ठाम विरोध आहे.

आणि लिहिलेलं उरतं, हे विसरू नका. क्रायसिस टेक्स्ट लाईन ही मेसेजवर चालणारी अमेरिकन सेवा, तिने नावं काढून टाकलेला संभाषणांचा डेटा आपल्याच एका नफ्यासाठीच्या कंपनीला दिला होता, २०२२ मध्ये त्यावरून एवढी टीका झाली की ते बंद करावं लागलं. तुमच्याकडे चॅट किती दिवस साठवता, कोण वाचतं, हे पहिल्याच स्क्रीनवर साध्या भाषेत लिहा.

प्रश्न : रात्रीच्या शिफ्टला मुलींना घाणेरडे कॉल येतात. सिनियर म्हणतात, कॉलर आहे, ऐकून घ्यावं लागतं.

ऐकून घ्यावं लागत नाही. एकदा सांगायचं, "ही लाईन यासाठी नाही, असंच चालू राहिलं तर मी ठेवणार आहे," आणि ठेवायचं. कुणाची परवानगी लागत नाही. नियम लेखी हवा आणि फोनशेजारी चिकटवलेला हवा, म्हणजे वीस वर्षांच्या मुलीला त्या क्षणी विचार करत बसावं लागणार नाही. ठेवल्यावर पाच मिनिटं लाईन बंद ठेवायची मुभाही द्या. या कारणाने किती मुली गुपचूप सोडून जातात ते कोऑर्डिनेटरला कळतही नाही, त्या फक्त "वेळ जमत नाही" असं लिहून पाठवतात.

प्रश्न : आम्ही चौघं निवृत्त शिक्षक. आमच्या भागासाठी नवीन हेल्पलाईन काढायची इच्छा आहे. सुरुवात कशी करावी?

नवीन नंबर काढू नका. चौघांत एक लाईन रोज दोन तास चालवणंही जड जाईल आणि मध्येच बंद पडलेला नंबर लोकांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं राहतो, कुणीतरी नको त्या रात्री तो फिरवतं. आहे त्या हेल्पलाईनमध्ये वर्षभर व्हॉलंटियर व्हा, दिवसाच्या शिफ्टा भरायला निवृत्त माणसं फार मोलाची असतात.

आणि आपल्याच भागात काही करायचं असेल तर फोन लागतोच असं नाही. झिम्बाब्वेमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये १४ आजीबाईंना घेऊन काम सुरू केलं, दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसून समोरच्याचं ऐकायचं आणि त्याच्या अडचणींतली एक निवडून तिच्यावर दोघांनी मिळून मार्ग काढायचा. हरारेतल्या दवाखान्यांमध्ये ५७३ रुग्णांवर याची रीतसर चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल छापला गेला, आणि सहा महिन्यांनंतर आजींशी बोललेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरीच कमी होती. त्या आजींना ट्रेनिंग होतं, वर विचारायला माणसं होती आणि गंभीर रुग्ण पुढे पाठवायची सोय होती, हे सगळं बाकाइतकंच महत्त्वाचं. तेव्हा आधी तुमच्या भागातल्या एका डॉक्टरांना भेटा, अशी माणसं पाठवली तर बघाल का विचारा, ते हो म्हणाले की ट्रेनिंगसाठी एखाद्या चालू हेल्पलाईनला लिहा. त्या पत्राचा मसुदा करायला मदत लागली तर मला मेल करा.